गाडी कोण चालवणार

सेंट ओडिल स्टेट पार्क, फ्लोरिडा
१२ नोव्हेंबर १९९४

प्रिय डार्ला,

पाकिटावर माझं नाव बघून दचकली असशील. दचक. घटस्फोट तुझा आणि ग्लेनचा झाला, तुझा आणि माझा नाही. तरी इतके महिने तुला एक ओळ लिहिली नाही, कारण ज्यानं घर मोडलं त्याची आई म्हणून काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही, पण आता समोर समुद्र आहे आणि हाताशी वेळ आहे.

यंदाचा हिवाळा मी इथे कॅम्प होस्ट आहे. म्हणजे पार्कवाले मला गाडी उभी करायला जागा आणि वीज-पाणी देतात. त्याबदल्यात मी शेकोटीची लाकडं विकते, न्हाणीघरं स्वच्छ आहेत ना ते बघते आणि मोठ्यानं रेडिओ लावणाऱ्यांना झापते. हे शेवटचं काम तर मी जन्मभर फुकटच करत आले.

ऑर्व्हिलनं ही मोटरहोम आणली तेव्हा तुम्ही सगळे हसला होतात ना? चाकांवरचं घर, एवढं धूड, आणि तो तिला 'मॅडम' म्हणायचा. तो गेल्यावर ग्लेन म्हणाला, विकून टाक. मी म्हटलं, नवरा गेला, आता गाडीही घालवू? गेल्या वर्षी थोडी फिरवली, आणि आता मॅडम आणि मी दोघी पाइनच्या सावलीत बसलोय. वाळूचा उंचवटा चढला की पलीकडे मेक्सिकोचं आखात.

इथली संध्याकाळची करमणूक म्हणजे नवे आलेले लोक ट्रेलर मागे घेताना बघायचे. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करते. "डावीकडे! अरे, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" ट्रेलर जागेवर बसेपर्यंत दोघं बोलेनासे झालेले असतात. शेजारी लुसियन गिड्री नावाचा लुइझियानाचा म्हातारा आहे. कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. अखंड बोलतो, आणि मी ऐकते असं त्याला वाटतं.

तू अजून शाळेची पिवळी बस चालवतेस ना? ईस्टरला तुला आठवडाभर सुट्टी असेल. सहज विचारलं. तू समुद्र कधी पाहिलाच नाहीस, ते मला इथे फार आठवतं.

ओपल

*

मॅन्सफील्ड, ओहायो
२७ नोव्हेंबर १९९४

प्रिय —

वर काय लिहावं यावर दोन कागद फुकट गेले. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला 'आई' म्हणत आले. कोर्टाच्या कागदांत घर कुणाचं, गाडी कुणाची, कुत्रा कुणाचा, सगळं लिहिलंय. तुम्हाला काय म्हणायचं ते कुणी लिहिलं नाही.

हो, बस चालवतेच आहे. थंडी पडली की सकाळी डेपोत इंजिनं तापत ठेवावी लागतात, तेव्हा आम्ही सगळे ड्रायव्हर एका खोलीत कॉफी पीत बसतो. तेवढ्याच माझ्या गप्पा. मी आता किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. कुत्रा ग्लेनला मिळाला. थँक्सगिव्हिंगला टर्कीचं सँडविच केलं, रेडिओ लावला आणि लवकर झोपले. हे वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं गेलं.

ग्लेन आणि पॅटीचं ठरलंय, हे तुम्हाला माहीत असेलच. दुकानात भेटला होता. म्हणाला, आई एकदम मजेत आहे. मीही मजेत आहे म्हणाले. दोघंही भाजीकडे बघत होतो.

ईस्टरचं माहीत नाही. इतकं पुढचं मी हल्ली बघत नाही. पण तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. पत्र बसमध्ये सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवलंय.

डार्ला

*

सेंट ओडिल
१८ डिसेंबर १९९४

प्रिय डार्ला,

ओपल म्हण. 'आई' म्हणायला ग्लेन आहे आणि तो ते नाताळाला आणि वाढदिवसालाच म्हणतो.

इथे आता ओहायो-मिशिगनकडची सगळी म्हातारी पाखरं उतरली आहेत. प्रत्येकाच्या ट्रेलरवर दिव्यांच्या माळा. कुणी रेनडिअर लावलाय, कुणी पेलिकनच्या डोक्यावर लाल टोपी. लुसियननं मोठ्या पातेल्यात कोळंबी आणि भेंडी घालून गंबो केलं. आमच्या लूपवरचे, म्हणजे या गोल रस्त्यावरचे, सगळे ट्रेलरवाले वाडगा घेऊन हजर. मी ओव्हनमध्ये भोपळ्याचा गोड पाय भाजला, पण साखरेच्या बरणीत कुणीतरी मीठ भरून ठेवलं होतं. एका बाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं!" अशी सभ्य माणसं अजून आहेत.

गावात जायचं तर मी लुसियनच्या पिकअपमधून जाते. मॅडमला उगाच कशाला सुरू करायचं?

ग्लेननं माहितीपत्रक पाठवलंय. त्याच्या घराजवळ वयस्कांसाठी फ्लॅट झालेत. प्रत्येक खोलीत ओढायची दोरी, घंटा वाजते, नर्स येते. खाली बिंगोची खोली. चित्रातली माणसं इतकी हसतायत की मला भीती वाटली. एप्रिलच्या मध्याला माझी इथली मुदत संपते. त्यानंतर मॅडम विकायची आणि तिकडे जायचं, असं त्याच्या मनात आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

तू ईस्टरचं काय ठरवलंस?

ओपल

*

मॅन्सफील्ड
१५ जानेवारी १९९५

प्रिय ओपल,

लिहून बघितलं. विचित्र वाटतं, पण चालेल.

मंगळवारी पुलाच्या उतारावर बस बर्फावर घसरली. मागच्या बाकांवरच्या पोरांनी आधी जल्लोष केला, मग सगळे एकदम चिडीचूप. मी ब्रेकला पाय लावला नाही, चाक हलकं धरलं आणि बस जात होती तशी जाऊ दिली. कडेच्या बर्फाच्या ढिगात अलगद जाऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. "मिस डार्ला, पुन्हा एकदा!" म्हणत होती कार्टी. हे मला ऑर्व्हिलनी शिकवलं होतं, आठवतं? चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, त्यांच्या जुन्या ट्रकवर. "गाडीशी भांडू नकोस, तिला वाटतं ते तिला थोडा वेळ करू दे." सगळी पोरं उतरल्यावर मी बसमध्येच बसून रडले. घाबरून नाही. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि तुमच्याशिवाय नाव सुचेना.

तेव्हा ठरवलं. ईस्टरला येते. लांब पल्ल्याच्या बसचं तिकीट काढते. एकदा तरी मागच्या सीटवर बसून बघते कसं वाटतं ते.

एक विचारू? तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर जेमतेम सहा ओळी, त्याही उतरणीला लागलेल्या. फ्लोरिडात कागद फुकट वाटतात का?

डार्ला

*

सेंट ओडिल
५ फेब्रुवारी १९९५

प्रिय डार्ला,

(हे ओपल सांगते आहे आणि मी लिहितो आहे. मी म्हणजे शेजारचा लुसियन गिड्री. शाळा फारशी झालेली नाही, तेव्हा चुका माझ्या आणि खोटं तिचं.)

माझं उजवं मनगट मुरगळलं आहे, म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेते आहे. (मनगट ठणठणीत आहे. काल त्याच हातानं तिनं मला झाडू फेकून मारला.) बाकी सगळं उत्तम. हवा छान आहे. तू येणार म्हणून मी मागचा पलंग रिकामा केला. (मी केला.) इथे सकाळी डॉल्फिन दिसतात. (मला दिसतात. ती 'अहाहा' म्हणते.)

(आता ती विचारते आहे, "लुसियन, मी सांगितलं त्यापेक्षा तू जास्त का लिहितोयस?" मी म्हटलं, "माझं अक्षर लांबट आहे.")

ग्लेनच्या लग्नाचं मे महिन्यात ठरलंय. मी जाईनच. तू वाईट वाटून घेऊ नकोस. बाकी भेटीअंती. ओपल.

बाई, ती आता लाकडं विकायला गेली आहे, तेव्हा खरं सांगतो. तिला दिसत नाही. अगदी आंधळी नाही, पण माणूस तोंड उघडेपर्यंत कोण ते कळत नाही. पायमध्ये मीठ कुणी भरून ठेवलं नव्हतं. डिसेंबरात तिनं गाडी जरा पुढे घ्यायला सुरू केली आणि मागे घेऊन नळाचा खांब आडवा केला. रेंजर टिलमन बाई भल्या, काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून किल्ली खुंटीवर आहे.

मी मागे लागतो, डॉक्टरकडे चल. म्हणते, हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, एप्रिलमध्ये जागा सोडायची आहे, गाडी कोण चालवणार? मी गावापर्यंत पिकअप नेतो तेवढंच, माझा ट्रेलरसुद्धा भाचा येऊन ओढून नेतो. तर हसून म्हणाली, "त्याची सोय मी नोव्हेंबरातच लावून ठेवली आहे. डार्ला बस चालवते."

तेव्हा तुम्ही येताय हे फार बरं झालं.

लु. गिड्री

*

मॅन्सफील्ड
१४ फेब्रुवारी १९९५

ओपल,

हे पत्र लुसियननी वाचून दाखवलं तरी चालेल. त्यांना आधीच सगळं माहीत आहे. माहीत नव्हतं ते मलाच.

गेल्या वर्षभरात मला ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांना काहीतरी हवं होतं. ग्लेनला गॅरेजची दुसरी किल्ली हवी होती. चर्चमधल्या बायकांना दर रविवारी म्हाताऱ्यांना आणायला-सोडायला कुणीतरी हवं होतं. "डार्ला, तू काय, एकटीच असतेस." नोव्हेंबरात तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, एक तरी माणूस असं आहे ज्याला माझ्याकडून काही नको आहे, फक्त मी कशी आहे ते हवं आहे. ते पत्र मी कप्प्यातून काढून काढून वाचलं. आता पुन्हा वाचलं, तर माझ्याबद्दलचा पहिला प्रश्न काय, तर तू अजून बस चालवतेस ना. दुसरा, ईस्टरला सुट्टी असेल ना. समुद्र शेवटी.

ड्रायव्हर हवा होता तर तसं लिहायचं होतं. मी कदाचित आलेही असते. फसवून बोलवायची काय गरज होती?

ईस्टरला मी येत नाही. ग्लेनला सांगा. तो तुमचा मुलगा आहे.

डोळे दाखवा. हे मात्र मनापासून सांगते.

डार्ला

*

सेंट ओडिल
६ मार्च १९९५

डार्ला,

हे मी स्वतः लिहिते आहे, लुसियनच्या जाड मार्करनं, ज्यानं तो गळाच्या डब्यांवर नाव टाकतो. म्हणून पाकीट एवढं फुगलं आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे.

तुझं म्हणणं खरं आहे. हो. मला ड्रायव्हर हवा होता. ऑक्टोबरात इथे येतानाच शेवटच्या वळणावर मला रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती. गाडी उभी केली आणि कळलं, ही मी पुन्हा इथून काढू शकणार नाही. त्याच आठवड्यात तुझा विचार आला.

पण त्याआधीही येत होता. उन्हाळाभर मी तुला पत्रं लिहिली, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी लाज आडवी आली. आपल्या मुलानं जिला सोडलं तिला कुठल्या तोंडानं लिहायचं? मग गरज पडली. गरज पडली की लाज गप्प बसते. दोन्ही खरं आहे, डार्ला. यातलं फक्त दुसरंच तू खरं मान असं मी म्हणत नाही.

डॉक्टरचं. ऑर्व्हिल हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला आत गेला तेव्हा जाताना मला म्हणाला, "सँडविच आणून ठेव, भूक लागेल." मी सँडविच घेऊन बसले होते. तुला माहीत आहे, तू आलीस तेव्हा ते माझ्या हातातच होतं, तूच ते काढून घेतलंस. तेव्हापासून मी पांढरा कोट बघितला की माझे पाय पुढे पडत नाहीत. मी स्वतःला सांगत होते, कुणी तोंडानं सांगितलं नाही तोवर ते झालेलं नाही. सकाळी समुद्रावर जाते. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नाही, नुसता पांढुरका पडदा. मी लाटा ऐकते आणि परत येते.

तुला ये म्हणत नाही. रेंजर टिलमनना सांगितलं आहे की मुदत संपली की माझा मुलगा गाडी विकायची व्यवस्था करेल. ग्लेनला या आठवड्यात फोन करीन. त्या फ्लॅटमध्ये खिडक्या मोठ्या आहेत म्हणे.

तू बर्फावर बस सांभाळलीस ते मी लुसियनकडून पुन्हा वाचून घेतलं. ऑर्व्हिल असता तर सगळ्या गावाला सांगत सुटला असता.

ओपल

*

मॅन्सफील्ड
१३ मार्च १९९५

ओपल,

ग्लेनला फोन करू नका. अजून तरी.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी तिथे पोचते. तिकीट मी परत केलंच नव्हतं. रागात फक्त पत्र लिहिलं होतं.

अट एक आहे. पार्कच्या ऑफिसात फोन करून मी टिलमन बाईंशी बोलले. त्यांनी जवळच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, मी आल्यानंतरच्या सोमवारची. आधी डॉक्टर, मग गाडी. डॉक्टरच्या दारातून तुम्ही मागे फिरलात तर मी त्याच दिवशी परत फिरेन, आणि तुमची मॅडम त्या पाइनखाली गंजत पडली तरी मला काही वाटणार नाही.

'मला काही वाटणार नाही' हे खोटं आहे. बाकी सगळं खरं.

डार्ला

*

मॅन्सफील्ड
२४ एप्रिल १९९५

प्रिय ओपल,

सुखरूप पोचले. परतीच्या वाटेवर बसमध्ये झोप लागली, मानेला लचक भरली. मागच्या सीटवर काही मजा नाही.

तुम्हाला त्या आठवड्यात नीट दिसत नव्हतं, म्हणून जे तुमच्यासमोर घडलं पण तुम्ही पाहिलं नाही ते लिहून कळवते. लुसियन वाचतीलच. लुसियन, मध्ये आपलं काही घालू नका.

पहिल्या दिवशी तुम्ही माझा दंड धरून वाळू चढलात आणि वर गेल्यावर म्हणालात, "सांग, कसा आहे?" मी म्हटलं, "मोठा आहे." तुम्ही वैतागलात. "मोठा आहे ते मलाही ठाऊक आहे गं. रंग सांग." मी सांगायला लागले. किनाऱ्याशी बाटलीच्या काचेसारखा हिरवा, त्यापुढे पट्टा निळा, आणि पार लांब जवळजवळ काळा. तुम्ही समुद्राकडे बघत नव्हतात, माझ्याकडे तोंड करून होतात. तुमचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मला सांगता सांगता रडू आलं, ते तुम्हाला आवाजावरून कळलं असणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "काळ्याच्या पुढचं सांग."

सोमवारी डॉक्टरच्या दारात तुम्ही थांबलात. माझ्या हातात तुमची पर्स होती, ती मी घट्ट धरून ठेवली, कारण पर्सशिवाय तुम्ही कुठे जाणार नाही हे मला माहीत होतं. लुसियन पिकअपमध्ये बसून देवाचं नाव घेत होते, त्यांच्या लुइझियानाकडच्या फ्रेंचमध्ये. मग तुम्ही पाय उचललात. आत डॉक्टरनी टॉर्च मारली आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. इतके दिवस कशाच्या जोरावर वावरत होतात?" तुम्ही म्हणालात, "तोंडाच्या." तो तरुण डॉक्टर इतका हसला की त्याला खुर्ची सरकवून बसावं लागलं. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, हे निघतं. तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलं. दंगा करून पकडलेल्या पोराला शिक्षा न करता घरी पाठवलं तर ते जसं बघतं, तसा.

आणि गाडी काढायच्या सकाळची गंमत. सगळा लूप खुर्च्या घेऊन बसला होता. कुणी कॉफी घेऊन, कुणी कुत्रं मांडीवर घेऊन. दोन पाइनच्या मधून ते धूड काढायचं. लुसियन मागे उभे राहून ओरडत होते.

"डावीकडे, बाई, डावीकडे!"

"तुमच्या की माझ्या?"

"देवाच्या डावीकडे!"

मी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं आणि आरशांकडे बघितलं. मॅडम लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. टाळ्या पडल्या. तुम्हाला वाटलं त्या तुमच्यासाठी, आणि तुम्ही खिडकीतून राणीसारखा हात हलवलात. मी हॉर्न वाजवला.

टिलमन बाईंनी मिळवून दिलेल्या अलाबामातल्या नव्या जागेपर्यंत (मागून लुसियनचा ट्रेलर ओढत त्यांचा भाचा होताच) समुद्र डाव्या हाताला होता, पण मी पाहिला तो फक्त पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा. एवढी मोठी गाडी चालवताना इकडेतिकडे बघता येत नाही.

तिथल्या फोनवरून तुम्ही ग्लेनशी बोललात. मी बाजूला उभी होते. तो म्हणाला, "आई, तू मला का नाही सांगितलंस?" तुम्ही म्हणालात, "कारण तू लगेच आला असतास." फोनमधून त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. इथे परत आल्यावर लक्षात आलं की तो आवाज ऐकूनही मी नंतर त्याचा विचारसुद्धा केला नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा. मी त्या दिवशी भाजी चिरताना चक्क गुणगुणत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मला येता येणार नाही, शाळा आहे. पण ग्लेन आणि पॅटी दोघंही तिथे असतील असं तो म्हणाला. पॅटीला नावं ठेवू नका. ती रजा काढून येते आहे.

सँडविच कुणी आणू नये, असं मी ग्लेनला कळवलं आहे.

डार्ला

*

गल्फ किनारा, अलाबामा
२८ मे १९९५

प्रिय डार्ला,

बघ, अक्षर बघ! एका पानात अख्खं पत्र मावतंय.

उजवा डोळा झाला. डावा सप्टेंबरात. आत नेताना मी परिचारिकेचा हात इतका दाबला की ती म्हणाली, "मॅडम, हा मला उद्याही लागणार आहे." जाग आली तेव्हा ग्लेन खुर्चीत वाकडातिकडा झोपला होता, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. पॅटी जागी होती. तिनं मला पाणी दिलं आणि एक अक्षर बोलली नाही. मुलगी बरी आहे. तुझ्यापेक्षा कमी बोलते आणि माझ्यापेक्षा खूपच कमी. लग्न आता जूनच्या शेवटी करतायत, माझ्यासाठी पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्यांदा काय दिसलं? माझे हात. हे कधी एवढे म्हातारे झाले, डार्ला? मग गाडीत आले आणि स्वयंपाकाचा ओटा पाहिला. तू इथे आठवडाभर या घाणीत जेवलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस! मी तीन दिवस घासत होते. लुसियनला पाहिलं आणि म्हटलं, "तू एवढा म्हातारा आहेस?" तो म्हणाला, "तू तो मिठाचा पाय करायच्या आधी नव्हतो."

मग एकटीच वाळूवर गेले. तू सांगितलेले रंग बरोबर होते. फक्त एक चुकलं, काळा नाही तो, जांभळा आहे. तुझ्या डोळ्यांना दोष देत नाही. तू रडत होतीस.

डॉक्टरनी चष्मा दिला, परीक्षा घेतली आणि गाडी चालवायला परवानगी दिली. दिवसा, आणि नीट. शनिवारी ग्लेनला शेजारी बसवून मॅडमला कॅम्पच्या रस्त्यावरून बाहेर काढलं, गावाला वळसा घातला आणि परत आणून उलटी जागेवर लावली. ग्लेननं सगळा वेळ दाराचं हँडल धरलं होतं. उतरल्यावर म्हणाला, "तो फ्लॅट मी दुसऱ्या कुणाला तरी सुचवतो."

आता मुद्द्याचं. इथे एका जागी फार बसून झालं, म्हणून मी किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेला जाणार आहे, जॉर्जियापर्यंत, जिथे जागा मिळेल त्या पार्कात मुक्काम करत. लग्नासाठी तेवढी विमानानं ओहायोला येऊन जाईन. गाडी मी चालवणार. ड्रायव्हर मला नको आहे. लाकडं फोडायला लुसियन रडतखडत येतोच आहे, त्यामुळे हमालही नको. तुझ्याकडून मला कसलीही मदत नको आहे.

शाळा सुटली की ये.

ओपल

*

मॅन्सफील्ड
३ जून १९९५

प्रिय ओपल,

शुक्रवारी शाळा सुटते. शनिवारी सकाळी निघते. डेपोत सांगितलं, ऑगस्टपर्यंत मला कुणी शोधू नका. सगळे विचारायला लागले, "कुणाकडे चाललीस?" मी म्हटलं, "ओपलकडे." "ती कोण?" म्हणाले. मी कॉफी संपवली, मग म्हटलं, "ती गाडी चालवते."

गाडी मात्र खरोखर तुम्हीच चालवायची. मी किल्लीला हात लावणार नाही. इतकी वर्षं मी रस्त्यावर नजर ठेवून आणि आरशात पोरांवर नजर ठेवून गेले, बाजूला काय होतं ते मला माहीतच नाही. आज नकाशा पसरून बघितला. पूर्वेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या, माझ्या खिडकीशी. लुसियनना सांगा, ती जागा माझी आहे, त्यांनी त्यांच्या पिकअपमध्ये बसावं.

हळू चालवा. मला सगळं बघायचं आहे.

डार्ला